किरणांनी गेलेले केस



वसंतातल्या व्याख्यानाचा विषय कसा असावा, याचा एक संकेत ठरून गेला आहे. कोणी संतांवर बोलतो, कोणी आपल्या ह्या यशवंतगडासारख्या किल्ल्याच्या इतिहासावर बोलतो, आंब्याचे दिवस असल्यामुळे कोणी बागाईतीवरही बोलतो. आम्ही आमचा विषय कळविला तेव्हा चिटणीसांनी तो नीट वाचला ना, अशी आम्हांस शंका आली, आणि त्यांनाही आमच्याविषयी तशीच शंका आली असावी. कारण त्यांनी पुन्हा विचारून घेतले. विषय असा आहे : मेंदूत गाठ झालेल्या माणसाच्या डोक्यावर किरणांचा उपचार करतात, आणि त्याने त्याचे केस जातात. हे का होते, किती होते, परत येतात की नाही, आणि त्या दिवसांत आपण बाकीच्यांनी काय करावयाचे.

हा विषय दवाखान्यातला आहे, सभेतला नव्हे, असे कोणास वाटेल. आम्हांसही पुष्कळ वर्षे तसेच वाटत होते. ते चुकीचे होते हे आम्हांस एका बाईंनी शिकविले, आणि त्याची किंमत त्यांनी मोजली. ती हकीकत आधी सांगतो.

तीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. ह्याच किनारपट्टीवरच्या एक बाई मुंबईस उपचारासाठी आल्या होत्या. वय चाळीसच्या आतबाहेर. मेंदूच्या आवरणाला झालेली गाठ होती. ही गाठ बहुधा कर्करोगाची नसते, पण जागा वाईट असली तर छळते. त्यांची डोळ्याच्या मज्जातंतूला चिकटून होती. शस्त्रक्रियेत बरीचशी निघाली, थोडी तशीच ठेवावी लागली, आणि उरलेल्या भागासाठी सहा आठवडे किरण द्यावयाचे ठरले. आम्ही पाच-सहा जण खाटेभोवती उभे होतो. गाठ कोठे आहे, उपचार कसा होईल, हे सगळे सांगून झाल्यावर बाईंना विचारले, काही विचारावयाचे आहे काय? त्यांनी एकच गोष्ट विचारली : "केस जातील का हो?"

आम्ही हसलो. दुष्टपणाने नव्हे. जिवावरच्या दुखण्यातून माणूस उठतो आणि केसांचे विचारतो, ह्याची गंमत वाटून हसलो. कोणी तरी म्हणाले, "अहो, डोके राहिले तर केस येतील." बाई गप्प बसल्या. दुसऱ्या दिवशी त्या घरी जाऊन येते म्हणाल्या आणि त्या परत आल्या नाहीत. आल्या त्या दीड वर्षाने. तोवर गाठ वाढली होती आणि एका डोळ्याची दृष्टी गेली होती.

त्या वेळी त्यांच्याशी सावकाश बोलणे झाले. लहानपणी त्यांनी वडिलांच्या आत्याला पाहिले होते. लाल आलवण, डोक्यावरून ओढलेला पदर, आणि दर पंधरवड्याला मागल्या पडवीत येणारा न्हावी. नवरा जिवंत असताना आपले डोके तसे दिसणार, सासूबाई सकाळी तोंड पाहणार नाहीत, हळदीकुंकवाला कोणी बोलावणार नाही, हे त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. गाठ कोणाला दिसत नव्हती. डोके सगळ्या गावाला दिसणार होते. त्यांचा प्रश्न गमतीचा नव्हता. आमचे उत्तर मात्र थिल्लर होते.

ज्या समाजात केसांना एवढा अर्थ आहे त्या समाजात "केसच तर आहेत" असे म्हणणे हे अज्ञान होय. आपल्याकडे मूल जन्मले की जावळ काढतात, मुंज म्हटली की शेंडी राखतात, बाप गेला की मुलगा क्षौर करतो, नवस फेडावयाचा तर केस देतात. आणि वैधव्य आले की बाईचे केस काढावयाचे, ही चाल ब्राह्मणांत आणि त्यांचे पाहून आणखी काही घरांत होती. त्या चालीविरुद्ध 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी एकत्र येऊन, विधवांच्या डोक्याला आम्ही वस्तरा लावणार नाही असे ठरविले. आपल्याच जिल्ह्यातल्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे यांनी 1893 साली एका विधवेशी लग्न केले आणि 1896 साली विधवांसाठी आश्रम काढला. चाल गेली. पण बोडक्या डोक्याकडे पाहण्याची जी दृष्टी तिने दिली, ती काही अशी एका पिढीत जात नाही. पुरुषांचेही तसेच आहे. फक्त ते बोलून दाखवीत नाहीत. टक्कल पडलेला पुरुष चालतो, पण कानामागे हाताएवढी जागा गुळगुळीत आणि बाकी केस जागच्या जागी, असे झाले की लोक त्याला विचारतात, "काय, चाई लागली काय?"

असो. आता मूळ गोष्टीकडे वळू.

माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केसाचे मूळ कातडीच्या आत थोड्या खोलीवर असते. पातीच्या कांद्याला खाली गड्डा असतो तसे ते फुगलेले दिसते. त्या गड्ड्यातल्या पेशी अहोरात्र विभागत असतात आणि तयार झालेला केस वर ढकलीत असतात. महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. एक केस दोन ते सहा वर्षे असा वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याचे काम आटोपते, मग तो तीनेक महिने नुसता अडकून राहतो आणि गळतो. त्याच मुळातून पुन्हा नवा निघतो. कोणत्याही क्षणी शंभरातले पंच्याऐंशी ते नव्वद केस वाढीला लागलेले असतात. शरीरात इतक्या घाईने विभागणाऱ्या पेशी फार थोड्या ठिकाणी असतात.

आणि किरणांचा मारा नेमका विभागणाऱ्या पेशींवर अधिक बसतो. गाठीतल्या पेशी विभागतात, म्हणून तर किरणांनी त्या मरतात. पण किरण गाठीपर्यंत जावयाचे म्हणजे कवटी ओलांडून, आणि कवटीच्या वर कातडी, आणि कातडीत ही लाखभर मुळे. वाटेतल्या माणसाला धक्का लागतोच.

केस त्याच दिवशी जात नाहीत, ह्याचे पुष्कळांना आश्चर्य वाटते. पहिले दोन आठवडे काहीच होत नाही. रोगी म्हणतो, मला काही झाले नाही, डॉक्टरांनी उगीच भिववले. मग एक दिवस सकाळी उशीवर झुपका दिसतो. आंब्याच्या मोहोरावर मळभ येते तेव्हा कैरी काही त्याच दिवशी गळत नाही. नुकसान आत झालेले असते, ते खाली पडावयास दिवस लागतात. इथेही मुळाचे काम पहिल्या काही दिवसांतच थांबते. आधी तयार झालेला केस काही काळ तग धरून राहतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी बारीक झालेल्या जागी तुटतो किंवा मुळापासून सुटतो. हे आधीच ठाऊक असले म्हणजे उशीवरचा तो झुपका पाहून माणूस अर्धमेला होत नाही.

हा दोन-तीन आठवड्यांचा हिशेब किती जुना आहे हे ऐकण्यासारखे आहे. क्ष-किरणांचा शोध राँटगेन यांनी 1895 सालच्या नोव्हेंबरात लावला. लगेच पुढल्या वर्षी अमेरिकेतल्या नॅशव्हिल गावी एका मुलाच्या डोक्यात गोळी घुसली, आणि ती कोठे आहे हे नव्या किरणांनी पाहावे असे तेथील विद्यापीठातल्या लोकांच्या मनात आले. पण मुलावर प्रयोग करण्याआधी तो आपल्यावर करून पाहावा, असे डडली नावाच्या प्राध्यापकांनी ठरविले. ही त्या माणसाची थोरवी. डॅनियल नावाच्या त्यांच्या सहकाऱ्याने त्यांच्या डोक्यापाशी नळी धरली आणि तासभर किरण सोडले. चित्र काही आले नाही. एकवीस दिवसांनी मात्र नळी धरली होती तेथले दोन इंच रुंदीचे केस साफ गळले. त्याच 1896 साली व्हिएन्नात फ्रॉइंड नावाच्या डॉक्टरांनी पाच वर्षांच्या एका मुलीच्या पाठीवरचा केसाळ डाग किरणांनी काढून पाहिला. किरणांचा औषध म्हणून झालेला हा अगदी आरंभीचा उपयोग. म्हणजे ज्या गोष्टीला आपण आज किरणांचा दुष्परिणाम म्हणतो, त्याच गोष्टीसाठी किरण अगदी आरंभी वापरले गेले.

पुढे त्याचा एक वाईट अध्याय झाला. मुलांच्या डोक्यात बुरशीचा नायटा होतो. केस असले की तो त्या काळी बरा होत नसे. विसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसच्या साबुरो यांनी बेताच्या किरणांनी सगळे केस एकदम घालवून नायटा बरा करण्याची पद्धत बसविली, आणि जगभर लाखो मुलांना ती दिली गेली. केस तीन आठवड्यांनी जात, काही महिन्यांनी परत येत, नायटाही जाई, सगळे खूश. 1958 च्या सुमारास ग्रिसिओफुल्व्हिन हे पोटातून घ्यावयाचे औषध निघाले आणि ती पद्धत मागे पडली. पण इस्राएलात अशा रीतीने किरण घेतलेल्या सुमारे अकरा हजार मुलांचा मोडान व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे मागोवा घेतला, तेव्हा 1974 साली असे दिसून आले की त्यांच्यात मोठेपणी मेंदूच्या व डोक्यामानेच्या गाठी इतरांपेक्षा कितीतरी अधिक होत आहेत. त्या देशाने 1994 साली ह्या लोकांना भरपाई देण्याचा कायदा केला. केस परत आले एवढ्यावरून आत सारे ठीक आहे असे मानता येत नाही, हे वैद्यांना त्यातून कळले. आज लहान मुलाच्या डोक्यावर किरण द्यावयाचे म्हटले की डॉक्टर दहादा विचार करतात, तीन वर्षांच्या आतल्या बाळाला शक्य तोवर देतच नाहीत, त्यामागे हा इतिहास आहे.

मग, तुम्ही म्हणाल, मेंदूला गाठ असताना किरण घ्यावेतच का? किरण गाठ करू शकतात असे तुम्हीच सांगता. प्रश्न रास्त आहे. त्या मुलांना नायटा होता. नायट्याने कोणी मरत नाही. मेंदूतली जी सर्वांत दुष्ट गाठ आहे, तिच्यासंबंधी 1978 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, शस्त्रक्रियेनंतर नुसती शुश्रूषा मिळालेल्यांतले निम्मे रोगी 14 आठवड्यांच्या आत गेले; किरण मिळालेल्यांत हाच आकडा सुमारे 35 आठवड्यांचा झाला. 2005 साली किरणांच्या जोडीला टेमोझोलोमाइड ही गोळी आली, आणि दोन वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण शंभरात दहावरून सव्वीसवर गेले. हे आकडे मोठे नाहीत, आम्ही ते फुगवून सांगत नाही. पण ते सर्वांत वाईट गाठीचे आहेत. आमच्या त्या बाईंच्या गाठीसारख्या सौम्य गाठी किरणांनी वर्षानुवर्षे जागच्या जागी थोपवून धरता येतात. मुलांच्या लहान मेंदूत होणारी मेडुलोब्लास्टोमा नावाची गाठ तर शस्त्रक्रिया, किरण व औषधे मिळून पुष्कळदा बरी होते.

आता किती केस जातात, आणि परत येतात का, ह्याचे उत्तर. ते देताना एक शब्द वापरावा लागेल : ग्रे. धान्य पायलीने मोजतात तसे शरीरात मुरलेले किरण ग्रेने मोजतात. एकाच वेळी दोन-तीन ग्रे कातडीत मुरले की केस तात्पुरते जाऊ शकतात. मेंदूच्या गाठीला मात्र 54 किंवा 60 ग्रे द्यावे लागतात. ते एकदम नव्हे, तर रोज सुमारे दोन ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, असे सहा आठवडे. पण हे माप गाठीपाशी मोजलेले असते. केसांच्या मुळाशी त्याचा काही भागच पोचतो. किती पोचतो, ते किरण किती बाजूंनी सोडले ह्यावर असते. एकाच खिडकीतून सगळा उजेड आत घेतला तर त्या खिडकीपाशी डोळे दिपतात, तोच दहा फटींतून घेतला तर कोठेच फार वाटत नाही.

2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून असे दिसले की, केसांच्या मुळाशी एकूण सुमारे 43 ग्रे पोचले तर तेथले केस कायमचे विरळ राहण्याचा संभव निम्मा असतो. त्याहून बराच कमी पोचला तर केस बहुतकरून परत येतात. उपचार संपल्यावर दोन ते सहा महिन्यांत कोवळी लव दिसू लागते. परत आलेले केस कधी जरा मऊ असतात, कधी कुरळे, कधी रंगाने वेगळे. कर्करोग दुसरीकडून मेंदूत पसरला असता सगळ्या डोक्याला जो थोडक्या दिवसांचा उपचार देतात, बहुधा दहा दिवसांत 30 ग्रे, त्याने केस सगळे जातात, पण त्यांना परत येण्याची आशा चांगली असते. उलट एकाच जागी साठ ग्रे दिलेल्या माणसाला, त्या जागेचे केस पूर्वीसारखे होतील असे वचन कोणी देऊ नये. आम्ही एके काळी सर्रास "येतील हो" म्हणत असू. आता म्हणत नाही. कोठे जातील, कोठे राहतील, कोठे शंका आहे, हे नकाशा काढल्यासारखे आधी सांगता येते. आजच्या संगणकाच्या आराखड्यात कातडीवरचे मापही दिसते. रोग्याने ते मागून घ्यावे. त्यात लाज नाही.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. शिरेतून द्यावयाच्या काही कर्करोगाच्या औषधांनी सगळ्या अंगाचे केस जातात, भुवयाही जातात. किरणांचे तसे नाही. किरण जेथून आत जातात आणि जेथून बाहेर पडतात, तेथलेच केस जातात. उजव्या कानावरून दिलेल्या किरणांनी डाव्या बाजूला एक चट्टा पडला तर घाबरून जाऊ नये, ती बाहेर पडण्याची वाट आहे. भुवया, दाढी, मिशा वाटेत नसतील तर राहतात. टेमोझोलोमाइडच्या गोळीने केस सहसा फारसे जात नाहीत. आणि औषधांच्या वेळी काही ठिकाणी डोक्याला थंडाव्याची टोपी घालून केस वाचवितात. किरणांच्या बाबतीत तिचा उपयोग नाही, तिच्यावर पैसे घालवू नयेत.

यंत्रे पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारली आहेत. परळचे टाटा रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झाले. त्या काळच्या यंत्रांचे किरण कातडीवरच सर्वांत अधिक पडत. पुढे कोबाल्टची यंत्रे आली, त्यांचा जोर कातडीच्या अर्धा सेंटिमीटर खाली. विजेवर चालणाऱ्या आजच्या यंत्रांचा त्याहून खाली. त्याच टाटा रुग्णालयात 2001 ते 2012 ह्या काळात तीन ते पंचवीस वर्षे वयाच्या दोनशे रोग्यांवर एक मोठी तुलना झाली. अर्ध्यांना जुन्या रीतीने, अर्ध्यांना गाठीच्या आकाराबरहुकूम नेमके रोखलेले, असे दोघांनाही 54 ग्रे दिले. 2017 साली निष्कर्ष छापले गेले : गाठ थोपविण्यात फरक पडला नाही, पण नेमके किरण मिळालेल्या मुलांची बुद्धी व शरीरातले अंतःस्राव अधिक चांगले टिकले. हा अभ्यास केसांसाठी नव्हता. पण आपल्या मुंबईत, आपल्या मुलांवर, एवढ्या चिकाटीने झालेल्या कामाचा उल्लेख केल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. खारघरला 2023 पासून प्रोटॉनचा उपचारही सुरू झाला आहे. प्रोटॉन गाठीपलीकडे जात नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. पण आत शिरताना कातडीला ते सोडून देतात असे नाही. प्रोटॉन म्हणजे केस नक्की वाचणार, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये.

उपचाराची खोली आतून कशी असते हे तुमच्यापैकी थोड्यांनीच पाहिले असेल. डोके जराही हलू नये म्हणून एक जाळीदार मुखवटा करतात. प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर दाबून बसवितात, तो निवला की चेहऱ्याचा ठसा कायम होतो. रोज तोच मुखवटा चढवून पलंगाला अडकवितात. आपल्या बाजूच्या एका सात वर्षांच्या मुलाने तो पाहताच त्याला "संकासूर" असे नाव दिले आणि शिमग्यातल्यासारखा नाचून दाखविला. त्याच्या बापाचे डोळे भरून आले, मुलाला मात्र त्याचे काही नव्हते. ह्या मुखवट्याचा केसांशी संबंध असा : दाट अंबाड्यावर मुखवटा बेतला आणि तीन आठवड्यांनी केस गेले, की तो सैल होतो आणि पुन्हा बेतावा लागतो. म्हणून लांब केस मुखवटा घेण्याआधीच कापून बारीक करावेत हे बरे. कापावेत, वस्तऱ्याने तासू नयेत, कातडी दुखावते. आणि आणखी एक : आपल्या हाताने, आपल्या दिवशी कापलेले केस आणि उशीवर सापडलेले केस, ह्यांत माणसाच्या मनाला मोठा फरक पडतो. काही बायका ती वेणी जपून ठेवतात. कोणी तिचाच टोप करवून घेतात.

उपचार चालू असता डोके कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने हलकेच धुवावे, खसाखसा पुसू नये. उन्हात जाताना सुती कापड बांधावे. आपल्या दर्यावरच्या उन्हात त्या कोवळ्या कातडीला पोळावयास वेळ लागत नाही. मेंदी, कलप, सुवासिक तेले, कांद्याचा रस, लसूण, कोणी बाबाने दिलेली भुकटी, ह्यांतले काहीही लावू नये. खोबरेल तेलावर आपला सर्वांचा जीव आहे हे आम्ही जाणतो, पण तेही डॉक्टरांना विचारल्यावाचून लावू नये. उपचार संपून पुष्कळ महिने झाल्यावरही केस विरळच राहिले तर मिनॉक्सिडिल नावाचे लावावयाचे औषध आहे; 2020 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत त्याचा 34 पैकी 28 रोग्यांना थोडाबहुत उपयोग झालेला दिसला. पाहणी लहान होती आणि औषध न घेतलेल्यांशी तुलना केलेली नव्हती, हेही सांगितले पाहिजे. तेही आपल्या मनाने आणून लावावयाचे नाही.

आता नाट्यात बोलताना एक गोष्ट टाळता येणार नाही. किरणोत्सर्ग हा शब्द इथल्या माणसाला शाळेत शिकावा लागलेला नाही. जैतापूरच्या अणुप्रकल्पाच्या निमित्ताने तो घरोघर, होड्यांवर आणि मोर्च्यांत पोचला. 2011 साली त्यापायी ह्या गावाने दुःखही पाहिले. त्या वादात आम्ही इथे शिरत नाही. पण त्या शब्दाची भीती रोग्याच्या अंगावर नेऊन टाकू नका, एवढी विनंती आहे. डोक्यावर बाहेरून किरण घेतलेला माणूस स्वतः किरण सोडीत नाही. यंत्र बंद झाले की किरण संपले. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड शिल्लक राहत नाही, तसे. त्याच्या ताटात जेवता येते, त्याच्या कुशीत नातवंड निजू शकते, त्याची बायको गरोदर असली तरी त्याच्याजवळ बसू शकते. गळलेले केसही विषारी नसतात. मुंबईहून उपचार घेऊन आलेल्या एका माणसाची उशी व चादर घरच्यांनी रातोरात समुद्रात सोडून दिल्याचे आम्हांस ठाऊक आहे. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण तो माणूस जागा होता आणि त्याने ते पाहिले.

सहा आठवडे मुंबईत काढणे म्हणजे काय, हे इथल्या घरांना सांगावयास नको. कोणी लालबागेत भावाच्या खोलीत राहतो, कोणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. धर्मशाळेत एक बरे असते : तेथे सगळ्यांचीच डोकी तशी असतात, कोणी कोणाकडे पाहत नाही. खरा प्रसंग येतो तो राजापूरला गाडीतून उतरल्यावर. चौथ्या आठवड्यात, केस गेले की, काही लोक दोन दिवस घरी जाऊन येतो म्हणतात आणि गावच्या नजरा पाहून परत जाण्याचे टाळतात; किंवा गावाला तोंड दाखवावयास नको म्हणून आधीच उपचार सोडतात. उपचारात खंड पडला की उरलेल्या पेशी पुन्हा डोके वर काढतात. नजर ही काही यंत्रात मोजता येत नाही, पण तिने उपचार तुटतात, हे आम्ही पाहिले आहे. तेव्हा अशा घरी गेलात तर आल्या आल्या डोक्याकडे पाहून "अरेरे" म्हणू नका. मासळीचा भाव सांगा, आंबा कसा आला ते सांगा. हळदीकुंकू असेल तर बोलावणे करा. डोक्याला ओढणी असो, टोप असो, नाहीतर काहीच नसो. ज्या घरात बाया आधीच डोके झाकून वावरतात तेथे बाहेरच्यांपुढे निभते, पण आतल्या बायकांपुढे काय, हा प्रश्न राहतोच. तो त्याच बायकांनी सोडवावयाचा आहे.

त्या बाईंची हकीकत आम्ही अर्धी सोडली. दुसऱ्या वेळी त्यांनी उपचार पुरा घेतला. ह्या वेळी आम्ही बसून, कागदावर डोके काढून, कोणत्या बाजूचे केस जातील ते रेघोट्या मारून दाखविले. तो कागद त्यांनी घडी करून कमरेला खोवला. केस बरोबर त्याच जागी गेले, आणि कानावरचा एक पट्टा सोडला तर वर्षाच्या आत आले. तो पट्टा त्या वरच्या केसांनी झाकीत आणि त्यावर आबोलीची वेणी घालीत. तपासणीला आल्या म्हणजे वेणी बाजूला सारून दाखवीत आणि म्हणत, "हे तुमच्या कागदावर होतं." डोळ्याविषयी त्या कधी बोलल्या नाहीत, आम्हीही विषय काढला नाही.

ह्याच तालुक्यातल्या एका नाभिकाची गोष्ट आम्हांस त्याच्या गिऱ्हाइकांकडून कळली. कोणी मुंबईला डोक्याच्या किरणांसाठी निघाले की हा गृहस्थ दुकान लावून घेतो आणि त्याच्या घरी जातो. बाईमाणूस असेल तर आपल्या सुनेला बरोबर नेतो. केस बारीक करून, कापडात बांधून त्यांच्या हाती देतो, आणि पैसे घेत नाही. परत आल्यावर पहिल्यांदा केस कापण्याजोगे होतील तेव्हा घेईन, म्हणतो.

 काही शंका असतील तर आता विचाराव्यात. चारचौघांत विचारावयाच्या नसतील, तर आम्ही उद्या दुपारच्या गाडीपर्यंत गावातच आहो. चिटणीसांच्या घरी यावे, आणि एकट्याने यावेसे वाटत नसेल तर कोणाला घेऊन यावे.